२.४ किलोवॅटची लाइटनिंग ९.६ ची करून घ्यावी का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे २०२३ ची फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, म्हणजे विजेवर चालणारा पिकअप ट्रक, आहे. एक्सएलटी प्रकार, लहान बॅटरी, आणि गाडीतून बाहेर वीज देण्याची सोय २.४ किलोवॅटची. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं तेव्हा ह्यूस्टन भागात सेंटरपॉइंट या वीज कंपनीच्या २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, त्यात यांचं घर होतं. आई-वडील भारतातून आलेले, वडिलांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, बाहेर जुलैचा उकाडा. गाडीच्या सॉकेटवर फ्रिज चालला, एसी चालला नाही. आता अपघातात गेलेल्या, लॅरिएट या वरच्या प्रकारच्या एका लाइटनिंगमधला ९.६ किलोवॅटचा इन्व्हर्टर-संच भंगार गाड्यांच्या यार्डात मिळतोय, ओळखीचा एक मेकॅनिक बसवून द्यायला तयार आहे, आणि ‘फोरस्कॅन’ हे गाडीच्या संगणकातल्या नोंदी बदलणारं सॉफ्टवेअर वापरून गाडीला तो ओळखायला लावता येतो असं त्यांच्या कानावर आलंय. त्यांचा प्रश्न असा की हे करून घ्यावं का, आणि केलं तर घराचा एसी चालेल का?

करून घेऊ नका. आणि केलंत तरी तुमचा चार टनांचा एसी त्यावर नीट चालेल असं मला वाटत नाही. मी अमेरिकेत बरीच वर्षं घरांच्या पर्यायी विजेची कामं करतो आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या गाड्यांच्या नावाने माझ्याकडे येत असतो. त्यामागची गरज अगदी खरी असते, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीत आत्ता आहे त्या सोयीवरही पुष्कळ काही करता येतं.

आधी ९.६ या आकड्याची फोड करू. लाइटनिंगच्या प्रो आणि एक्सएलटी प्रकारांत मुळात २.४ किलोवॅट मिळतात, लॅरिएट आणि प्लॅटिनममध्ये ९.६. हे ९.६ कुठल्याही एका सॉकेटमधून निघत नाहीत. पुढच्या बॉनेटखालच्या डिकीतल्या १२० व्होल्टच्या सॉकेटांवर मिळून २.४, आणि केबिन व मागच्या हौद्यातल्या सॉकेटांवर मिळून ७.२. हौद्यात एक २४० व्होल्टचं, ३० अँपिअरचं सॉकेट असतं; २४० गुणिले ३० म्हणजे ७,२००. घराला जोडायला उपयोगी पडतं ते हे एकच सॉकेट. म्हणजे संच बसवूनही घराच्या पॅनेलपर्यंत ७.२ च पोचणार, आणि तेही दोन फेजांत विभागून, प्रत्येकी ३.६. एका फेजवर मायक्रोवेव्ह, इस्त्री आणि फ्रिज आले आणि दुसरी रिकामी राहिली, तर एकूण ७.२ असूनही इन्व्हर्टर हात वर करेल.

आता बसवण्याबद्दल. २.४ च्या गाडीत ७.२ चा भाग ‘बंद करून ठेवलेला’ नसतो, तो नसतोच. फोरस्कॅनने गाडीच्या संगणकातली नोंद बदलता येते, नसलेलं यंत्र आणता येत नाही. कंपनी ही सोय कारखान्यातच बसवायची. गाडी घेतल्यावर बसवून घ्यायचं किट तिच्याकडे नाही. यार्डातला संच घेतला तर नुसती इन्व्हर्टरची पेटी पुरत नाही. उच्च दाबाच्या बॅटरीपासून तिच्यापर्यंत येणारी नारिंगी केबल, तिचा फ्यूज, हौद्यातली सॉकेटं आणि त्यांचं वायरिंग, थंड ठेवण्याची व्यवस्था, पेटीला चेसिसवर धरून ठेवणारे ब्रॅकेट, आणि या सगळ्याशी बोलणारं सॉफ्टवेअर, हे सगळं एकमेकांना जुळावं लागतं. साधा हिशेब बघा: ९.६ किलोवॅट देताना इन्व्हर्टरमध्ये ५ टक्के वीज वाया जाते असं धरलं तर ४८० वॅटची उष्णता सतत बाहेर काढायची आहे. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात, उभ्या गाडीत, तासन् तास. कंपनीने त्यासाठी जी सोय केली आहे तिच्याशिवाय ही पेटी स्वतःला वाचवण्यासाठी क्षमता कमी करत जाईल आणि शेवटी बंद पडेल.

पण मला खरी भीती उष्णतेची नाही, इन्सुलेशनची आहे. या गाडीची मुख्य बॅटरी ४०० व्होल्ट वर्गातली, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज देणारी. तिचं ना धन टोक चेसिसला जोडलेलं असतं ना ऋण. ती गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण अलग ठेवलेली असते, आणि हे अलगपण टिकून आहे ना हे गाडी सतत मोजत असते. गळतीची शंका आली की ती इशारा देते, आणि परिस्थिती पाहून बॅटरीचे मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला बाकी गाडीपासून तोडणारे मोठे स्विच, उघडते. आता गंमत अशी की सॉकेटमधून बाहेर येणाऱ्या १२० व्होल्टच्या विजेचं न्यूट्रल मात्र चेसिसशी जोडलेलं असतं. म्हणजे इन्व्हर्टरच्या आत या दोन जगांमध्ये ट्रान्सफॉर्मरची भिंत हवी, आणि ती शाबूत हवी. अपघातातून आलेल्या पेटीत ती शाबूत आहे का, हे वरून पाहून कुणालाही सांगता येत नाही. त्यात प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये चेसिसकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. ते वाढले की गाडीच्या मोजणीत फरक पडतो. परिणाम कधी दिसेल? कदाचित घराजवळ उभी असताना नाही, तर हायवेवर पाऊस लागल्यावर.

आणि काम करणाऱ्याचा जीव. घरातल्या सॉकेटमधल्या, दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचा करंट इथे सेकंदाला १२० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला तिला संधी मिळते. डीसीला तशी संधी नसते. ४०० व्होल्टच्या डीसीचा आर्क, म्हणजे सतत जळणारी ठिणगी, एकदा धरला की तांबं वितळवत चालू राहतो. उच्च दाबाच्या कामासाठी वेगळं प्रशिक्षण, चाचणी केलेले रबरी हातमोजे, बॅटरी तोडणारी ‘सर्व्हिस डिस्कनेक्ट’ जोडणी काढून दाब उतरेपर्यंत थांबणं आणि मग मीटरने शून्य दाखवल्याची खात्री करणं, हा क्रम असतो. तुमचे मेकॅनिक चांगले असतील, पण इंजिनावरचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. वॉरंटीचं तर उघडच आहे: बॅटरी आणि विजेच्या मुख्य भागांवर ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी आहे. २०२३ च्या गाडीची ती अजून बरीच शिल्लक आहे, आणि तुम्ही ती एका जुन्या पेटीसाठी पणाला लावाल.

याच्या जोडीला आणखी एक सल्ला लोक देतात, तो इथेच निकालात काढतो. ‘१२ व्होल्टच्या बॅटरीवर बाजारातला ३,००० वॅटचा इन्व्हर्टर लावा.’ २,००० वॅट घ्यायचे तर १२ व्होल्टच्या बाजूने दीडशेहून जास्त अँपिअर ओढावे लागतात. गाडीतली ती छोटी बॅटरी आणि तिला भरणारा कन्व्हर्टर दिवे, पंप, संगणक, ब्रेक यांच्यासाठी मापून दिलेले असतात. ही १२ व्होल्टची बॅटरी उतरली की मुख्य बॅटरीत ९८ युनिट असलेली गाडी सुरूच होत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. भारतात लोडशेडिंगच्या काळात आपण सगळ्यांनीच घरात इन्व्हर्टर पाहिला आहे: १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी, म्हणजे पूर्ण भरल्यावर जेमतेम १.८ युनिट. तिथे दुष्काळ असायचा साठ्याचा. पंखे चालायचे, पण किती वेळ, हाच प्रश्न. तुमच्या लाइटनिंगमध्ये ९८ युनिट वापरण्याजोगे आहेत, म्हणजे तशा पन्नासहून जास्त बॅटऱ्या. साठ्याची ददात नाही. अडचण आहे ती एका क्षणी किती ओढता येईल याची.

आणि २.४ किलोवॅट वाटतात तितके थोडे नाहीत. ते चोवीस तास ओढले तर दिवसाला ५७.६ युनिट होतात. टेक्सासमधलं सरासरी घर महिन्याला साधारण अकराशे-बाराशे युनिट वापरतं, म्हणजे दिवसाला चाळीसच्या आसपास, सेंट्रल एसी धरून. तुमचं घर सरासरीने जेवढी वीज खातं त्याहून जास्त वीज ही ‘छोटी’ सोय देऊ शकते! फक्त घर ती सरासरीने खात नाही. दुपारी तीनला एसी सुरू होतो, त्याच वेळी कुणीतरी मायक्रोवेव्ह लावतं, गरम पाण्याचा हीटर जागा होतो, आणि त्या पाच मिनिटांत मागणी आठ-दहा किलोवॅटवर जाते. एसी आणि हीटर बंद असताना तेच घर पाचशे-सातशे वॅटवर असतं. तेव्हा इन्व्हर्टर मोठा करायच्या आधी ती पाच मिनिटं छोटी करता येतात का, ते बघायचं.

सगळ्यात मोठा दोषी सेंट्रल एसी. बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवर ‘एलआरए’ असा आकडा असतो. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ओढतो तो करंट. चार टनांच्या साध्या, एका वेगाच्या कॉम्प्रेसरला तो शंभर अँपिअरच्या आसपास असतो. चालू झाल्यावर तो सोळा-वीस अँपिअरवर येतो, पण तो पहिला धक्का ३० अँपिअरच्या सॉकेटला झेपणारा नाही. कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारा ‘सॉफ्ट स्टार्टर’ बसवला तर धक्का निम्म्याहून कमी होतो, तरी काठावरच. म्हणजे यार्डातला संच आणून, गाडी उघडून, वॉरंटी घालवून शेवटी एसी सुरू होईल की नाही हे नशिबावर. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की ज्यासाठी हा खटाटोप करताय ते यातून साधेलच असं नाही.

त्याऐवजी आई-वडिलांची एक खोली थंड ठेवा. ८,००० बीटीयूचा खिडकीतला एसी सातशे वॅटच्या आसपास घेतो, आणि इन्व्हर्टर-कॉम्प्रेसरवाला घेतला तर तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा धक्काच नाही. खोली कायमची तयार करायची असेल तर ११५ व्होल्टवर चालणारा छोटा स्प्लिट एसी मिळतो; एक टनाचा पूर्ण ताकदीवर किलोवॅटच्या आसपास ओढतो आणि खोली थंड झाली की त्याहून बराच कमी. वादळ नसतानाही रात्री सगळं घर थंड करण्यापेक्षा ही एक खोली थंड करणं स्वस्त पडतं, म्हणून हा खर्च मला वाया गेलेला वाटत नाही.

मग २.४ मध्ये काय बसतं? खिडकीतला एसी ७००, दोन फ्रिज चालू असताना मिळून ३०० च्या आसपास, राउटर, फोन, चार एलईडी दिवे आणि दोन पंखे दीडशे-दोनशे. हे झाले साधारण बाराशे वॅट. उरलेल्या जागेत स्वयंपाकघरातलं एक उपकरण, एका वेळी एकच: हजार वॅटचा विजेवरचा कुकर चालेल, १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी चालणार नाही, किंवा ती चालवताना एसी दहा मिनिटं बंद ठेवावा लागेल. फ्रिज सुरू होताना त्याच्या नेहमीच्या ओढीच्या कितीतरी पट करंट क्षणभर घेतो, म्हणून काठोकाठ भरू नका. दोन हजारांवर गेलात की थांबा. गाडीच्या पडद्यावर आत्ता किती वॅट जातात ते दिसतं. घरातल्या सगळ्यांना तो आकडा बघायला शिकवा. आजींनाही जमतं, मी पाहिलं आहे.

थंडीचाही विचार करून ठेवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं तेव्हा फोर्डने तिथल्या विक्रेत्यांना ७.२ किलोवॅटच्या जनरेटरची सोय असलेल्या एफ-१५० हायब्रिड गाड्या लोकांना वापरायला द्या असं सांगितलं होतं. ट्रक म्हणजे घराचा जनरेटर ही कल्पना अनेकांच्या मनात तेव्हापासून बसली. ती पेट्रोलवर चालणारी गाडी होती, धूर सोडणारी. तुमची धूर सोडत नाही, आणि हा तिचा मोठा गुण आहे. वादळानंतर ह्यूस्टनमध्ये अनेकदा गॅरेजमध्ये किंवा खिडकीशी लावलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. तुम्ही गाडी गॅरेजमध्ये दार लावून उभी करू शकता. हिवाळ्यात तुमची गॅसची भट्टी असेल तर तिच्या पंख्याला सहाशे वॅटच्या आसपास लागतात. तेवढ्यावर अख्खं घर उबदार राहतं. उन्हाळ्यापेक्षा हिवाळा २.४ किलोवॅटवर जास्त सोपा जातो.

वायरीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथेच लोक पैसे वाचवतात आणि इथेच आग लागते. अमेरिकेत गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते. दुकानात स्वस्तात मिळणारी १६ गेजची एक्स्टेंशन म्हणजे आपल्याकडची जेमतेम १.३ चौरस मिलिमीटर. पन्नास फूट लांबीत तिचा जाऊन-येऊन रोध ०.४ ओहम होतो. १५ अँपिअरला ६ व्होल्ट गळतात आणि ९० वॅट त्या वायरीतच तापतात. ती गालिच्याखालून नेलेली असली तर ती उष्णता जाणार कुठे? १२ गेज घ्या, साधारण ३.३ चौरस मिलिमीटर. तिथे हाच आकडा ३६ वॅटवर येतो. गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. दोन वेगवेगळ्या सॉकेटांतून दोन वायरी काढा, एक एसीच्या खोलीसाठी, एक फ्रिजसाठी, म्हणजे सगळा भार एकाच वायरीवर येणार नाही. आणि गळतीसंरक्षणाबाबत लक्षात ठेवा: भारतात घरात जो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो, त्यापेक्षा अमेरिकेतलं जीएफसीआय कितीतरी संवेदनशील, ५ मिलिअँपिअरच्या आसपास सुटणारं. जुना फ्रिज किंवा ओली वायर त्याला पुरते. रात्री सॉकेट ट्रिप झालं आणि सकाळपर्यंत कळलं नाही तर इन्सुलिन गेलं. फ्रिजमध्ये तापमान वाढल्यावर वाजणारा, स्वतःच्या सेलवर चालणारा गजर ठेवा. काही डॉलरचा असतो.

एवढं जमल्यावर ‘पाच मिनिटांची’ अडचण उरतेच असं वाटलं, तर पुढची पायरी म्हणजे मध्ये एक बॅटरी ठेवणं. बाजारात चार-पाच युनिट साठवणारी आणि १२०/२४० व्होल्टवर सहा-सात किलोवॅट देणारी फिरती बॅटरी-स्टेशनं मिळतात. ती गाडीच्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर सतत चार्ज होत राहते, घराचे निवडक सर्किट तिच्यावर चालतात. विहिरीचा पंप किंवा माइक्रोवेव्ह-एसीचा एकत्र भार आला की तो धक्का ही बॅटरी सोसते, आणि गाडी तिला संथपणे भरत राहते. तुमच्या ९८ युनिटच्या साठ्याला मोठं तोंड द्यायचं काम गाडीबाहेर, वॉरंटीला हात न लावता होतं. चार्जिंगची गती मात्र जपून ठरवा: साध्या १५ अँपिअरच्या पिनेवर सतत १२ अँपिअरपेक्षा जास्त, म्हणजे साधारण १,४४० वॅटपेक्षा जास्त ओढू नये. तासन् तास चालणाऱ्या भारासाठी ८० टक्क्यांचा हा नियम इथल्या इलेक्ट्रिशियनांच्या अंगवळणी पडलेला असतो, तो तुम्हीही पाळा. १,४४० वॅट म्हणजे दिवसाला ३४ युनिट, कमी नव्हेत. तुमच्यासारख्या घराला मी सर्वांत आधी हाच मार्ग सुचवेन.

यापुढे एक मार्ग असा आहे जो तुमच्या २.४ च्या गाडीलाही खुला आहे, आणि हे बऱ्याच मालकांना माहीत नसतं. फोर्डची घराला वीज देण्याची व्यवस्था गाडीतला इन्व्हर्टर वापरतच नाही. ८० अँपिअरचं ‘चार्ज स्टेशन प्रो’ आणि त्याच्या जोडीला ‘होम इंटिग्रेशन सिस्टम’ भिंतीवर बसते. चार्जिंगच्या तोंडातल्या डीसी पिनांमधून बॅटरीची वीज थेट बाहेर येते आणि तिची घरात चालणारी वीज करण्याचं काम भिंतीवरचा इन्व्हर्टर करतो, ९.६ किलोवॅटपर्यंत. गाडीत २.४ बसवलेले असोत की ९.६, या वाटेत त्याने फरक पडत नाही. मोठ्या बॅटरीच्या गाडीसोबत ते स्टेशन मुळातच मिळायचं, लहान बॅटरीवाल्यांना वेगळं घ्यावं लागायचं. होम इंटिग्रेशन सिस्टमची किंमत सुरुवातीला ३,८९५ डॉलर होती. पण बसवणीचा खर्च त्याहून वर जाऊ शकतो, कारण कधी मुख्य पॅनेल हलवावं लागतं, कधी मीटरपासूनची वायर बदलावी लागते. आधी हे साहित्य आज कुठून मिळतं आणि ते बसवण्याचा अनुभव असलेला माणूस तुमच्या भागात आहे का, ते विचारा, मगच गॅरेजच्या भिंतीवर जागा मोकळी करा. वीज गेली की घर आपोआप गाडीवर येणं हा याचा खरा फायदा आहे. घरात वयस्कर माणूस एकटा राहत असेल तर त्यासाठी किंमत मोजण्यासारखी आहे.

ज्यांच्याकडे आधीच ९.६ ची गाडी आहे, किंवा तुम्ही पुढे बदलून घेतलीत, त्यांच्यासाठी न्यूट्रलचा मुद्दा. हौद्यातल्या २४० व्होल्टच्या सॉकेटवरून घराच्या पॅनेलला जोडलं की अनेकांची गाडी लगेच ट्रिप होते आणि लोक गाडीला दोष देतात. गाडीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले असतात. घराच्या मुख्य पॅनेलमध्येही ते जोडलेले असतात, नियमच तसा आहे. दोन ठिकाणी जोड झाला की परतीचा करंट थोडा न्यूट्रलने आणि थोडा अर्थिंगच्या वायरीने जातो. गाडीला वाटतं गळती आहे. तिचं वाटणं बरोबर आहे. उपाय म्हणजे दोन फेजांबरोबर न्यूट्रलही बदलणारा ट्रान्सफर स्विच, म्हणजे गाडीवर असताना घराच्या त्या सर्किटांचं न्यूट्रल मुख्य पॅनेलपासून सुटतं. मेन आणि गाडीचा ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ न देणाऱ्या साध्या इंटरलॉक किटने हे होत नाही. आणि काही ठिकाणी सुचवतात तसं ‘अर्थिंगची पिन काढून टाका, ट्रिप होणं थांबेल’ हे कधीही करू नका. ट्रिप होणं थांबतं, आणि दोष आला तर गाडीचा पत्रा जिवंत होऊ शकतो.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून ड्रायरच्या सॉकेटमधून घरात वीज ढकलणं, हे तर बोलायलाही नको, पण वादळानंतर लोक करतात म्हणून लिहितो. मेन ब्रेकर चालू राहिला तर तुमची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन हजारो व्होल्टची होते, आणि खांबावर चढलेला लाइनमन ती बंद आहे असं समजून हात लावतो. घराच्या वायरिंगला गाडी जोडायची असेल तर टेक्सासचा परवाना असलेला इलेक्ट्रिशियन, शहराचं किंवा काउंटीचं परमिट आणि तपासणी, यात सूट नाही.

एक छोटी गोष्ट मराठी घरांसाठी. २४० व्होल्टचं सॉकेट पाहून भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर किंवा ओला ग्राइंडर त्यावर चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. इथे दोन्ही तारा जिवंत असतात, प्रत्येकीवर जमिनीच्या मानाने १२० व्होल्ट. भारतातल्या उपकरणाचा स्विच एकच तार तोडतो, म्हणजे ‘बंद’ केल्यावरही आतला भाग जिवंत राहतो. आणि इथली वारंवारता ६० हर्ट्झ, तिथली ५०. वादळात चटणी वाटायची असेल तर ११० व्होल्टचा मिक्सर वेगळा घेऊन ठेवा.

साठ्याचा हिशेब करून ठेवू. वर सांगितलेला एक खोली थंड, दोन फ्रिज, दिवे-पंखे आणि थोडा स्वयंपाक, एवढ्याला दिवसाला वीसेक युनिट लागतील. एसी आणि फ्रिज सतत पूर्ण ओढत नाहीत हे त्यात धरलं आहे. ९८ पैकी २० टक्के चार्जरपर्यंत जाण्यासाठी राखून ठेवले तर ७८ उरतात. सॉकेटं चालू ठेवायला गाडी जागी राहते आणि स्वतःसाठीही वीज खाते, तेव्हा तीन दिवस, थोडे अधिक, असं समजा. मग ज्या भागात वीज आली आहे तिथल्या जलद चार्जरवर पाऊण तास काढून परत या. वादळाचा अंदाज आला की आदल्या रात्री १०० टक्के भरून ठेवा; एरवी ८०-९० वर ठेवत असाल तरी त्या दिवशी नको. ही वजाबाकी स्वतःच्या घरात एकदा करून पाहा: मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी मेन ब्रेकर खाली करा, सगळी जोडणी लावा, रात्रभर चालू द्या, आणि सकाळी बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा. अटलांटिकचा वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, त्याच्या आत.

यार्डातल्या संचाचे पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. मला तीन गोष्टी कळवा: एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवरचा एलआरए, मुख्य पॅनेलच्या दारामागची ब्रेकरांची यादी, आणि गाडी उभी राहते तिथून आई-वडिलांच्या खोलीपर्यंतचं अंतर फुटांत. त्यावरून कुठली सर्किटं वेगळी काढायची आणि मधली बॅटरी किती युनिटची घ्यायची, हे नेमकं सांगता येईल.